पालथ्या माणसाची डावी बाजू

मला सांभाळलं ते मावशींनी. काय झालं ते पुढे सांगतेच, पण हे आधी लिहून टाकते. मी घाबरून सांगायला लागले की मुद्द्याचं राहून जातं आणि भलतंच बोलत बसते, निदान हे एवढं तरी राहायला नको. मावशी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. परळला हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत एक आयुर्वेदिक केंद्र आहे, तिथे मी मालिश करते. तिथेच गेली बावीस वर्षं मालिश करणाऱ्या त्या मावशी. राहणार लालबागच्या चाळीत, गाव मालवणाकडे, आवाज मोठा आणि पंजे त्याहून मोठे. केंद्रात सगळेच त्यांना मावशी म्हणतात, डॉक्टर मॅडमसुद्धा.

माझं गाव वाशीम जिल्ह्यात. गावातली शाळा आठवीपर्यंत. नववीला तालुक्याला जावं लागायचं. एसटी सकाळी एकदा यायची, कधी यायचीच नाही. त्या वर्षी माय आजारी पडली म्हणून मी पंधरा दिवस घरी राहिले, आणि ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी मामींनी मुंबईला बोलावून घेतलं. मामा सरकारी नोकरीत, अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये राहतात. मामी गुडघ्यांसाठी ह्या केंद्रात जायच्या. तिथे मुली हव्यात, शिकवून घेतात, शिक्षण फार विचारत नाहीत, असं त्यांना कळलं. तीन महिने शिकाऊ म्हणून राहायचं. हात जमला तर ठेवणार, नाही तर परत.

परत म्हणजे कुठे ते मला माहीत होतं. मायनं गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी मुंबईले दवाखान्यात कामाला लागली. तिच्या लेखी मी जवळजवळ नर्स. मी परत गेले असते तर मायला मान खाली घालून हिंडावं लागलं असतं, आणि मला तिच्यासमोर. म्हणून ते तीन महिने मी रोज सकाळी बसमध्ये बसल्यावर हाताची बोटं मोडत यायची आणि मनात म्हणायची, आजचा दिवस जाऊ दे.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही.

अभ्यंग म्हणजे अंगभर तेलाची मालिश. बऱ्याच ठिकाणी एकच बाई करते, आमच्याकडे दोघी मिळून करतात. लाकडाचा एक उंच, कडा असलेला पलंग असतो, त्याला द्रोणी म्हणतात. त्यावर पेशंट झोपते. एक बाई ह्या बाजूला, दुसरी त्या बाजूला. दोघींचे हात एकाच वेळी खांद्यावरून निघाले पाहिजेत आणि एकाच वेळी मनगटाशी पोचले पाहिजेत. जोर सारखा, वेग सारखा. मध्ये बोलायचं नाही. एकमेकींचा श्वास ऐकून चालायचं. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माणसाक वाटूक व्हया, एकाच बाईचे चार हात आसत. दोन बायका वाटल्या की काम फुकट गेला."

जागाही ठरलेल्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली असते, खाली शेगडी. शेगडीकडची बाजू मोठ्या बाईची, कारण तेल किती तापू द्यायचं ते तिनं बघायचं, आणि पहिला थेंब पेशंटच्या टाळूवर तिनं घालायचा, उजव्या हातानं, हात जोडून झाल्यावर. नव्या मुलीनं समोर उभं राहायचं. भिंतीवर मॅडमनी चित्रही लावलं होतं. उताणा झोपलेला माणूस, त्याच्या डाव्या हाताला लिहिलेलं 'ज्येष्ठ', उजव्या हाताला 'शिकाऊ'.

समोरासमोर उभं राहून एकच काम करायचं म्हणजे ते आरशासारखं होतं. एकीनं जे उजव्या हातानं करायचं ते दुसरीनं डाव्यानं. शिकाऊच्या बाजूला जोराचा हात उजवा लागतो. शेगडीकडच्या बाजूला डावा.

आणि मी डावरी.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे डावरी पोरगी म्हणजे घरात काही तरी उणं असल्यासारखं बघतात. शाळेत गुरुजींनी पट्टीनं हात सुजवला तेव्हा उजव्यानं लिहायला शिकले. पंगतीत वाढताना माय डोळ्यानंच खुणावायची आणि मी वाटी ह्या हातातून त्या हातात घ्यायची. मामींनी तर पहिल्या दिवशीच बजावलं, "हे बघ, लोक देवाचं नाव घेऊन मालिशला झोपतात. तिथं तुझा डावा हात नाचवू नकोस." म्हणून मी सगळं उजव्यानं करत होते. करत होते म्हणजे हात फिरत होता. पण त्या हाताला जोर कुठला? लिहिण्यापुरता तो हात शहाणा झाला होता, दाबायला नाही. मांडीवर, पोटरीवर भागून जायचं. पाठीवर मात्र मला स्वतःलाच कळायचं की माझा हात नुसता तेल पसरवतोय.

एकदा तर उघडं पडायची वेळ आली होती. आमच्याकडे चादरी हातानं धुवाव्या लागतात, मशीनमध्ये तेल जात नाही. गच्चीवर मावशी एक टोक धरायच्या, मी दुसरं, आणि दोघी मिळून पिळायचो. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मावशींनी पिळायला सुरुवात केली, मीही केली, आणि चादर पिळलीच जाईना. नुसती गोल गोल फिरायला लागली, लाटण्यासारखी. पाण्याचा थेंब पडेना. सगळ्या बायका उजव्या हाताच्या वळणानं पिळतात, म्हणून समोरासमोर उभं राहिलं की पीळ बसतो. मी माझ्या वळणानं पिळत होते, म्हणजे त्यांच्याच दिशेला. माझ्या लक्षात आलं तशी मी चटकन उलट फिरवली.

"झोप झाली नाय काय गो रातीची?" मावशी म्हणाल्या.

"नाही, झाली ना," मी म्हणाले.

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटले.

दोन महिने असे गेले. मग गिरगावच्या आजी आल्या.

आजी गिरगावातल्या जुन्या घरातल्या. मुंबईत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या. स्वतः बँकेत मोठ्या जागेवरून निवृत्त झालेल्या, कमरेच्या आणि पाठीच्या दुखण्यासाठी चौदा दिवसांचा उपचार घ्यायला आल्या होत्या. पर्समध्ये एक छोटी वही. टॅक्सी किती वाजता मिळाली, आम्ही किती वाजता सुरू केलं, वाफ किती मिनिटं दिली, सगळं त्यात लिहायच्या. आडव्या झाल्यावरही डोळे मिटायच्या नाहीत. पहिल्या दिवशी मला विचारलं, "तुझं शिक्षण किती?"

"आठवी, आजी."

"शरीरात हाडं किती असतात माहीत आहे?"

मावशी तेलाची वाटी उचलत म्हणाल्या, "सगळी आसत, आजी. आम्ही रोज मोजून घेतो, एक कमी नाय."

आजी हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला प्रश्न विचारले नाहीत.

पाचव्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघींना आत बोलावलं. टेबलावर आजींचं कार्ड होतं. उपचार झाल्यावर पेशंट त्यावर अभिप्राय लिहितात. बहुतेक जणी 'छान' लिहून सही करतात. आजींनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: 'पाठीची डावी बाजू नीट होत नाही. उजवीकडे हात लागल्यासारखा वाटतो, डावीकडे कोणीतरी फडक्याने पुसल्यासारखे. रोज सांगावे लागू नये.'

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं. मग द्रोणीच्या खोलीतलं चित्र आठवत विचारलं, "डावीकडे तुम्ही असता ना, मावशी?"

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी दोन महिने ज्याची भीती धरून होते ते आलं होतं, पण माझ्या दारात नाही.

गोष्ट साधी होती. उताण्या माणसाच्या डावीकडे मावशी आणि उजवीकडे मी, हे चित्रात बरोबर होतं. पण पाठीची मालिश पालथं झोपवून करतात. पेशंट पालथी होते तेव्हा तिच्या बाजू बदलतात. आम्ही मात्र जागच्या जागीच असतो. पालथ्या आजींची डावी बाजू माझ्याकडे होती. फडक्यानं पुसणारी मीच.

मी मावशींकडे बघितलं. त्यांच्या डाव्या मनगटाला चामड्याचा पट्टा होता, वर्षभर ते मनगट दुखत होतं. मॅडमचीही नजर त्या पट्ट्यावरच होती.

मावशींनी पट्टा चाचपला. मग म्हणाल्या, "होय मॅडम. डावीकडे मीच."

"मनगट अजून दुखतंय?"

"दुखता थोडा."

"मग मावशी, थोडे दिवस तुम्ही वाफेच्या पेटीकडे बसा ना. मालिश दुसरी कोणीतरी बघेल. हा आठवडा बघू, नाही तर पुढच्या आठवड्यापासून तसं करू. वाईट वाटून घेऊ नका हं."

वाफेच्या पेटीकडे बसायचं म्हणजे घड्याळ लावायचं आणि पेशंटला घाम आला की टॉवेल द्यायचा. ते काम आमच्याकडे पाय मोडलेल्या मुलीला दिलं होतं एकदा, पाय बरा होईपर्यंत. बावीस वर्षं हाताचं काम केलेल्या बाईला तिथे बसवणार. आणि मी तिथे उभी होते, ओढणीखाली हात लपवून, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे मी आज लिहितेय, पण त्या दिवशी मामींनाही सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. बोलले तर मी जाणार. नाही बोलले तर मावशी पेटीकडे. आणि मावशींना कळलं कसं नाही, हा विचार तर मी मुद्दाम करतच नव्हते.

रविवारी केंद्र बंद असतं. मी दुपारी लालबागला गेले. मावशी घरी नव्हत्या. गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या शेजारणीनं सांगितलं, मसाल्याच्या गल्लीत गेल्यात, मिरच्या घ्यायला. तिथे सापडल्या. डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या मशीनवर, मिरच्या कुटल्या जात होत्या, डोळ्यांतून पाणी यावं असा ठसका हवेत. मावशी बेडगी मिरचीची देठं मोडून बघत होत्या आणि दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या.

"तू खंयसून आलंस गो? धर ही पिशवी."

मी पिशवी धरली. धीर करून म्हणाले, "मावशी, ती डावी बाजू माझी होती." आणि शिंकले. मग आणखी तीन शिंका आल्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड कबुली मी शिंकत दिली.

मावशींनी मिरच्या तागडीत टाकल्या. "माका ठावक आसा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बावीस वर्षां पालथी माणसां बघतंय. पालथ्याची डावी कोणाकडे येता, ह्या माका कळूक नाय?"

"मग मॅडमसमोर बोलला काहून नाहीत?" घाबरले की माझ्या तोंडात गावची बोली येते.

"काहून, काहून!" दुकानदाराला ऐकू जाईल अशी त्यांनी माझी नक्कल केली. मग आवाज खाली आणला. "तू तीन म्हयन्यांची शिकाऊ. तुका एका कार्डावर घरी धाडली असती. माका धाडूक मॅडमक धा येळा इचार करूचो लागता. म्हणून म्हटला, चार दिवस मिळूदेत."

"चार दिवस कशाला?"

"तुझो हात सुधरूक. आणि तू स्वतःहून सांगतंस काय ता बघूक." त्या माझ्याकडे वळल्या. "आता सांग. डावरी आसान लपवलंस कित्याक?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"चादर," मावशी म्हणाल्या. "इतक्या बायकांबरोबर चादरी पिळल्या, पण लाटण्यासारखी फिरवणारी तूच पयली." आणि त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की डंखावरचा माणूस थांबून बघायला लागला. मला रडू येत होतं, पण तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे ते खपून गेलं.

चाळीत परत येताना त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. शेगडीच्या बाजूला जोराचा हात डावा लागतो. उजव्या हाताच्या बाईला तिथे बावीस वर्षं उभं केलं म्हणून तिचं मनगट गेलं. डाव्या हाताच्या मुलीला समोर उभं केलं म्हणून तिचा हात चालेना. "दोघींका उलट्या जाग्यार उभा केलानी, आणि वर चित्र पण लावलानी!"

"पण शेगडीची जागा तुमची आहे, मावशी. मोठ्या बाईची."

"जागा काय माझ्या बापाशीची? तेल तापयता शेगडी. मी खंय तापतंय?"

"आणि पहिला थेंब? तो डाव्यानं कसा घालायचा?"

ह्यावर मात्र त्या थांबल्या. त्यांनाही ते पटण्यासारखं नव्हतं. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून झाल्यावर म्हणाल्या, "पयलो थेंब मी घालतलंय, उजव्यान. मगे तुझो हात मोकळो."

त्या दुपारी त्यांच्या खोलीत आम्ही सराव केला. जमिनीवर गादीची गुंडाळी ठेवली, ह्या बाजूला त्या, त्या बाजूला मी. पहिल्यांदा डावा हात पुढे करताना माझी नजर आपोआप दाराकडे गेली, कोणी बघत नाही ना म्हणून. मावशींनी माझ्या हातावर चापट मारली. "चोरी करतंस काय? दाब." मी दाबलं. गादी खाली गेली. त्यांच्या बाजूला जेवढी गेली तेवढीच. मावशींनी दोन्ही खड्ड्यांत बोटं घालून बघितली, पाण्याची खोली बघतात तशी, आणि माझ्यासमोर भाताचं ताट ठेवलं.

पण मॅडमना सांगायचं राहिलंच होतं, आणि ते मावशी सांगणार नव्हत्या. "मी नाय हां. तोंड तुझा, तूच सांगूचा," एवढं म्हणून मोकळ्या झाल्या.

सोमवारी सकाळी आजी यायच्या आधी मी मॅडमच्या खोलीत गेले. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं, पण आत गेल्यावर उलटंच बाहेर पडलं. "मॅडम, मी डावरी आहे आणि आजी पालथ्या असतात."

मॅडमनी चष्मा काढला. "काय?"

मग मी सांगितलं. सगळं. डावी बाजू माझी होती, मावशींची नाही, मावशी माझ्यासाठी गप्प बसल्या, मला काढा पण त्यांना पेटीकडे बसवू नका. मॅडम उठून द्रोणीच्या खोलीत आल्या. चित्राकडे बघितलं. स्वतःचा डावा हात वर केला, मान वळवली, हात खाली केला, पुन्हा चित्र. "थांब, थांब. डोकं इकडे. उताणा असताना डावा इकडे. पालथा झाला की... इकडेच ना?"

"नाही मॅडम."

"अगं, माणूस तोच, द्रोणी तीच."

"मॅडम, झोपून बघा," दारातून मावशी म्हणाल्या.

आणि मॅडम खरंच झोपल्या. चपला काढल्या, पांढऱ्या कोटासकट द्रोणीवर आधी उताण्या. "डावा हात," म्हणून हात वर केला, तो शेगडीकडे. मग "ऊ... आई गं" करत पालथ्या झाल्या, तोंड उशीत, आणि पुन्हा डावा हात वर केला. तो माझ्या नाकासमोर आला.

बराच वेळ तो हात तसाच वर होता.

"एवढी वर्षं हे चित्र मीच लावलंय," उशीतून आवाज आला.

त्याच वेळी रिसेप्शनवरची मुलगी फाइल घेऊन आत आली आणि ओरडली, "अगं बाई! मॅडमना काय झालं?"

मावशींना हसू आवरेना. मग मॅडमही हसायला लागल्या, पालथ्याच, त्यांची पाठ हलताना दिसत होती. शेवटी म्हणाल्या, "आता झोपलेच आहे तर दाखवा तुमची नवी बाजू. कोटावरूनच."

आम्ही जागा बदलल्या. मावशींनी श्वास घेतला, मी ऐकला, आणि दोघींचे हात मानेपासून निघाले. खाली कमरेपर्यंत, वळून वर. पुन्हा. चौथ्या खेपेला मॅडमनी विचारलं, "मावशी कुठल्या बाजूला आहेत?"

"तुम्हीच वळखा," मावशी म्हणाल्या.

मॅडमना ओळखता आलं नाही.

त्या उठल्या, कोट झटकला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" मी काय सांगणार? गुरुजींची पट्टी, मायचे डोळे, मामींची ताकीद, हे सगळं तिथे उभ्या उभ्या सांगता आलं नसतं. "घाबरले," म्हणाले. तेवढं त्यांना पुरलं.

तरी खरी परीक्षा अकरा वाजता होती. आजी आल्या, वही काढली, वेळ लिहिली, आडव्या झाल्या. त्यांच्या लगेच लक्षात आलं. "आज जागा बदलल्या तुम्ही?"

"होय आजी," मावशी म्हणाल्या आणि वाकून पहिला थेंब टाळूवर घातला.

आजी मान वळवून माझ्या हाताकडे बघत होत्या. डाव्या. आता विचारतील, असं मला वाटलं. त्यांनी विचारलंच. "डावरी आहेस?"

"होय." हात थांबवायचा नसतो, म्हणून थांबवला नाही.

"हं," आजी म्हणाल्या. एवढंच. मग त्यांना पालथं केलं. पाठीवर मी डावा हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणाच्या तरी देखत, त्याला त्याच्या मनासारखं चालू दिलं. माझ्या अंगठ्याखाली पाठीची एक गाठ होती, अशी गाठ माझ्या हाताला आधी कधी लागली नव्हती. समोर मावशींचा श्वास. त्यांचा उजवा हात आता जोराचा, डावा नुसता सोबतीला, पट्ट्यातलं मनगट सैल. पाच-दहा मिनिटं गेली असतील. मग एक आवाज आला. मला वाटलं पंख्याचा. मावशींनी भुवया वर केल्या आणि हनुवटीनं आजींकडे खूण केली.

आजी घोरत होत्या.

उपचार झाल्यावर त्यांनी कार्ड लिहून दिलं आणि टॅक्सीकडे गेल्या. आम्ही तिघी कार्डावर वाकलो. लिहिलं होतं: 'पाठ दोन्हीकडे सारखी झाली. मात्र आज वेळ फारच कमी दिला असे वाटते. कृपया तपासावे.'

मॅडमनी घड्याळ बघितलं, रजिस्टर बघितलं. पूर्ण वेळ दिला होता. "झोपल्या होत्या, कळणार कसं त्यांना!" म्हणाल्या. आणि मग अगदी सहज, रजिस्टर मिटता मिटता, मला म्हणाल्या, "तीन महिन्यांचं वगैरे राहू दे आता. तू आहेस."

मी हो की काय म्हणाले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मला कडकडून भूक लागली. मावशींनी खाली नेऊन वडापाव दिला. मी दोन खाल्ले. तिसरा मागितला तेव्हा म्हणाल्या, "पुरे. दुपारी दोन पेशंट आसत, ढेकर येतले." मायला फोन केला आणि बोलताच येईना. ती घाबरली. "काहून रडतं, बाई? काढून टाकलं का?" मी म्हणाले, "नाही माय, ठेवलं." मग तीही रडली. मग म्हणाली, "डाव्या हातानं काही करत नाहीस ना तिथं?" मी म्हणाले, "फक्त कामच करते."

भिंतीवर आता दोन चित्रं आहेत. एक उताणा, एक पालथा. 'ज्येष्ठ' आणि 'शिकाऊ' हे शब्द मॅडमनी काढून टाकले. त्यांच्या जागी 'उजवा हात' आणि 'डावा हात' लिहिलंय. आजी चौदा दिवस पूर्ण करून गेल्या, आणि वेळ कमी दिल्याची तक्रार शेवटच्या दिवसापर्यंत केली. मावशींच्या मनगटाचा पट्टा महिन्याभरात सुटला. माझी काळजी मात्र सुटलेली नाही, ती स्वभावातच आहे. अजूनही कार्ड वाचायच्या आधी बोटं मोडते. पण आता मोडते ती दोन्ही हातांची.

अलीकडे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बावीस वर्षांत मावशी स्वतः द्रोणीवर कधी झोपलेल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माका कोण करतला? जोडी खंय आसा? एक बाजू तू, दुसरी बाजू कोण? मीच उठून करू काय?" विनोद म्हणून बोलल्या, पण खरंच होतं. त्यांच्यासारखा हात केंद्रात दुसऱ्या कोणाचा नाही, आणि सारखा हात नसेल तर त्या पाच मिनिटांत उठून बसतील, "दोन बायका वाटतात" म्हणून.

मावशी काही वर्षांनी गावी जाणार, असं म्हणतात. गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आलीय, साताऱ्याकडची, उजव्या हाताची, माझ्यापेक्षाही भित्री. तिला माझ्यासमोर उभी करतात. मी तिला गादीच्या गुंडाळीवर शिकवते, खड्ड्यांत बोटं घालून बघते. अजून तिचा खड्डा उथळ पडतो. वेळ लागेल, पण मी तिला तयार करणार आहे. आणि मावशी गावी जायच्या आधी एका रविवारी केंद्राची किल्ली मागून घेईन, मावशींना द्रोणीवर झोपवीन, पहिला थेंब त्या मुलीला घालायला सांगीन, उजव्या हातानं. मग शेगडीच्या बाजूला मी उभी राहीन. मावशी पालथ्या होऊन विचारतील, कोण कुठल्या बाजूला आहे, आणि त्यांना ओळखता येणार नाही. तेवढं मी करणार आहे, मावशी.